जोडलेल्या पानांची प्रत

मी ज्या एका कवींची पुस्तकं जमवत होते, त्यांच्या कविता मला नीट कळत नव्हत्या. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीचे तास मोजके, आणि त्या तासांनाही आमच्या बाई रागावल्या की इंग्रजीतच रागवायच्या. घरात बोलतो ते मराठी मला येत होतं. पुस्तकातलं मराठी मी परक्याच्या घरी गेल्यासारखी वाचायचे, कुठे बसावं ते न कळून. एखादी ओळ आवडली की नुसतीच समजली नाही, याचाही मला उलगडा होत नसे.

पहिल्या कोऱ्या पानावर पेनाने लिहिलेलं मात्र लगेच कळायचं. अकरावीत असताना नाशकात शालिमारजवळच्या फुटपाथवर मला त्यांचा एक कवितासंग्रह मिळाला. आत लिहिलं होतं, अमुक आणि तमुक यांना शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट, आणि खाली कवींची सही. सहीचं शेवटचं अक्षर लांब ओढलेलं, कोणी हाक मारली म्हणून हात तसाच पुढे गेल्यासारखं. मी ते पान बराच वेळ बघत उभी राहिले. लग्नात मिळालेलं पुस्तक या दोघांनी विकलं कसं? भांडले असतील? घर बदललं असेल? विक्रेता म्हणाला, "ताई, वाचायचं असेल तर घरी नेऊन वाचा." म्हणून मी ते घेतलं.

मग अशा प्रती दिसायलाच लागल्या. कवी नाशकातच राहायचे, उपनगर नावाच्या भागात, आणि त्यांना नाही म्हणता यायचं नाही. शाळेचं बक्षीस वितरण असो, कॉलनीतल्या गणपतीसमोरचं व्याख्यान असो की कोणाचा षष्ट्यब्दीपूर्तीचा कार्यक्रम, त्यांना बोलवायचं, त्यांचीच पुस्तकं विकत आणून त्यांच्याच सहीने वाटायची. वाचनालयातले लोक चेष्टा करायचे की सही नसलेली प्रत कोणाकडे असली तर सांगा, दुर्मीळ आहे. ते सगळं वाटप दहा-पंधरा वर्षांनी हळूहळू रद्दीत उतरत होतं आणि मी ते वेचत होते.

आई म्हणायची, "एकच पुस्तक किती वेळा विकत घेशील?"

"एकच नाहीये. प्रत्येकात वेगळं लिहिलंय."

"सही तर तीच आहे ना?"

"सही तीच आहे. नावं वेगळी आहेत."

"लोकांची नावं गोळा करतेस होय? मग मतदार यादी आण ना, स्वस्तात पडेल."

मला खरंच सांगता येत नव्हतं मी काय गोळा करते ते. पुस्तकं जमवण्याच्या छंदावरचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं, त्यातले नियम मी पाळायचे. फर्स्ट एडिशन वेगळी ठेवायची. कव्हर घालायचं नाही. आपलं नाव आत लिहायचं नाही. आणि जुन्या पुस्तकाची पानं जोडलेली असतील, म्हणजे छापलेल्या कागदाच्या घड्या वाचकाने पट्टीने कापायच्या राहून गेल्या असतील, तर ती कधीही कापायची नाहीत. अशी प्रत सर्वांत मौल्यवान. कोणी न वाचलेली प्रत सर्वांत मौल्यवान का, हा प्रश्न मला पडला होता, पण छापलेल्या इंग्रजीला प्रश्न विचारायची मला सवय नव्हती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर मी मनमाडला मावशीकडे गेले होते. तिथे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक रद्दीवाले होते. त्यांच्या तागडीशेजारी गोणीतून काढलेला एक गठ्ठा होता, रेल्वेची टाइमटेबलं, पंचांगं, एक पोथी, आणि त्यात कवींचा पहिला संग्रह. मी तो तोवर फक्त वाचनालयाच्या कपाटात, काचेपलीकडे पाहिला होता. रद्दीवाले म्हणाले, "लय जुनं हाय ते. कव्हर गेलं तर बोलू नका मंग."

आत निळ्या शाईत लिहिलं होतं, तीर्थरूप बाबांच्या चरणी. खाली सही. अक्षर तरुण आणि अतिशय नीट, शेवटचं अक्षर अजून लांब ओढायला न शिकलेलं. सहीत वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव होतं.

पुढची पानं उघडायला गेले तर उघडेनात. पानं वरच्या बाजूने जोडलेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. कवींच्या वडिलांची गोष्ट नाशकात सगळ्यांना माहीत होती. ती ते प्रत्येक कार्यक्रमात सांगायचे, आणि नाही सांगितली तर मागून कोणीतरी आठवण करून द्यायचं. वडील मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते तोडून. मुलगा कविता करतो हे त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "बरं. आणि पोटाला काय करतो?" पहिलं पुस्तक आलं तेव्हा मुलाने ते वडिलांच्या पायाशी ठेवलं आणि लगेच परतीची गाडी पकडली. वडील गेले. दिवस झाल्यावर आईने मुलाला जवळ बसवून सांगितलं, "तुझं पुस्तक रोज रात्री वाचायचे रे. मी झोपले असं वाटलं की काढायचे." एवढं सांगून कवी थांबायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, आणि सभागृहात कुठेतरी नाक ओढल्याचा आवाज यायचा. मी चार-पाच वेळा ऐकली असेल ती गोष्ट, आणि दर वेळी मलाही कसंतरी व्हायचं.

मी मनमाडच्या त्या रस्त्यावर उभी राहून पानं पुन्हा पुन्हा चाळली. एकही कापलेलं नव्हतं.

मग खोटं कोण बोललं? आई? की कवींनी ही आई नंतर तयार केली? की वडिलांकडे दुसरी प्रत होती? मुलाने पायाशी ठेवलेली प्रत तशीच ठेवून बाजारातून दुसरी आणून वाचणारा माणूस असू शकतो का? मी लाजाळू माणूस असल्यामुळे मला तेही अशक्य वाटेना. मी बसमध्ये नाशिकपर्यंत हाच विचार केला आणि कुठेच पोचले नाही. एक गोष्ट मात्र पक्की झाली. ही प्रत त्यांच्या नजरेला पडता कामा नये. तोवर त्यांची सत्तरी उलटली होती, आणि ज्या गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं पाण्याचा घोट घेतला होता, ती माझ्यामुळे जाऊ नये.

घरी माझ्या प्रती खोलीतल्या उघड्या शेल्फवर असायच्या. येणारा-जाणारा हात लावायचा, आईच पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. म्हणून ही प्रत मी खाकी कागदात गुंडाळली, कोपरे दुमडून चिकटपट्टी लावली, आणि जिथे कोणी माझी वस्तू शोधणार नाही अशा जागी ठेवली. ती जागा म्हणजे आईचं देण्याघेण्याचं कपाट.

हे कपाट आमच्या कॉलनीत प्रत्येक घरात असायचं. वास्तुशांत, बारसं, हळदीकुंकू, कुठूनही आलेलं ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी, स्टीलचं वाटीचमच्याचं खोकं, सगळं त्यात जायचं आणि पुढच्या कार्यक्रमाला तिथूनच निघायचं. आई या बाबतीत फार दक्ष. प्रत्येक वस्तूला टाचणीने चिठ्ठी लावून ठेवायची, कोणाकडून आली ती, म्हणजे चुकून त्यांनाच परत जायला नको. शेजारच्या काकूंनी एकदा आमचंच ब्लाउजपीस आम्हाला दिलं होतं, त्यावर आई कित्येक महिने बोलत होती. "नजर नको का माणसाला? रंग तरी बघायचा."

तिथे वरच्या खणात, मागे, माझं खाकी पुडकं राहिलं. वर्षं गेली. मला एका ऑफिसात कॉम्प्युटरवरची नोकरी लागली. मी नव्या प्रती आणत राहिले, कवी कार्यक्रमांत गोष्ट सांगत राहिले.

आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन होता. आई सेक्रेटरी. प्रमुख पाहुणे अर्थातच कवी. मी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले होते. तोवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. शेकड्याने सह्या वाटणाऱ्या माणसाकडून मी कधी सही मागितली नव्हती, कारण सही देताना ते हसून विचारायचे, "कुठली कविता आवडते?"

सत्कार सुरू झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. मग मंडळाच्या अध्यक्षांनी पुस्तकासाठी हात पुढे केला, तर ताटात पुस्तक नव्हतं. ज्यांनी आणायचं त्यांना वाटलं होतं दुसऱ्या आणणार आहेत. व्यासपीठाच्या कडेला कुजबूज झाली. आईने खूण केली, आणते म्हणून, आणि ती मागच्या दाराने निघून गेली. आमचं घर हॉलला लागूनच होतं. निवेदिकेने तेवढा वेळ मंडळाच्या सहलीचं वर्णन करून भरून काढला.

आई परत आली तेव्हा तिच्या हातात खाकी कागदातलं पुडकं होतं. वरून घाईघाईने लाल रिबन बांधलेली. कोपरे मी दुमडले होते तसेच.

मला वाटतं मी अर्धवट उठले. शेजारची बाई म्हणाली, "खाली बस ना गं, दिसत नाही." मी बसले. बायकांनी भरलेल्या हॉलमध्ये मधल्या वाटेने चालत जाऊन, "थांबा, ते देऊ नका," असं मराठीत किंवा कुठल्याही भाषेत म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. पुडकं त्यांच्या हातात गेलं. टाळ्या झाल्या. त्यांनी ते मांडीवर ठेवलं.

आणि बोलता बोलता ते वडिलांच्या गोष्टीवर आले. माईक बसल्या जागीच दिला होता, त्यामुळे पुडकं मांडीवरच होतं आणि त्यांचा डावा हात त्यावर होता. "रोज रात्री वाचायचे रे," असं आपल्या आईच्या आवाजात म्हणताना त्यांनी त्या खाकी कागदावर दोनदा थोपटलं. मी खांबाकडे बघत बसले.

कार्यक्रम संपल्यावर मी गर्दीतून पुढे जाईपर्यंत त्यांची रिक्षा गेली होती.

"तू माझं पुस्तक दिलंस," मी आईला म्हणाले.

"तुझं कुठलं? वरच्या खणातलं? कोणाकडून आलंय त्याची चिठ्ठीच नव्हती त्यावर. मला वाटलं तूच कुठूनतरी आणून ठेवलंयस, द्यायला. पुस्तक आहे एवढं हाताला लागलं." मग माझा चेहरा बघून ती म्हणाली, "का? कोणाचं होतं?"

"त्यांचंच."

आईने कपाळाला हात लावला. "अगं बाई. ज्याचं त्यालाच?" तिच्या लेखी याहून मोठी नामुष्की नव्हती, आणि खरी अडचण तिला मी सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी एक नवं पुस्तक वेष्टणात घेतलं, मनात एक वाक्य तयार केलं, बसमध्ये ते घोकत उपनगरला उतरले. पुडकं अजून उघडलं नसेल एवढीच आशा होती.

दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी, उघडलं. मी वाक्य म्हटलं, कालच्या कार्यक्रमात चुकून दुसरं पुस्तक दिलं गेलं, ते बदलून द्यायला आलेय. त्या हसल्या. "ये, ये. बदलायचं कशाला बाई, एवढं लांब आलीस. खाकी कागद? बघ, त्या कोपऱ्यात असेल. आमच्याकडे उघडायला वेळ कोणाला आहे?"

कोपऱ्यात शालींची चळत होती, नारळ होते, स्मृतिचिन्हं होती आणि पुस्तकांची पुडकी. आईच्या कपाटाची थोरली बहीण. मी गुडघ्यांवर बसून शोधू लागले. काकू म्हणत होत्या, "नारळांच्या वड्या करते. शालींचं काय करू सांग? देऊन देऊन कोणाला देणार, सगळ्यांना यांनीच दिलेल्या आहेत." माझं पुडकं दोन शालींच्या मध्ये होतं. रिबनसुद्धा सुटली नव्हती. मी ते हातात घेतलं आणि इतकं हलकं वाटलं की मी चक्क हसले.

"काय सापडलं?"

कवी आतल्या दारात उभे होते. बनियन, लुंगी, हातात वर्तमानपत्र. घरात ते बरेच बारीक दिसत होते.

"सर, हे चुकून... मी दुसरं आणलंय." वाक्य निम्मंच आठवलं.

"चुकून दिलेलं आहे म्हणजे नक्कीच चांगलं असणार," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मला तो हात टाळता आला नाही. वडीलधाऱ्या माणसाने हात पुढे केला की हातातली वस्तू द्यायची, हे इंग्रजी शाळेतही कोणी पुसून टाकलं नव्हतं.

त्यांनी खुर्चीवर बसून रिबन काढली आणि चिकटपट्टी नखाने सोडवली. मुखपृष्ठ बघून "अरे!" म्हणाले, खूश होऊन. मग पहिलं पान उघडलं. मग ते बराच वेळ त्याच पानावर राहिले. पुढचं पान उलटायला गेले, ते उलटलं नाही. दुसरं. तिसरं. पत्त्यांच्या कॅटसारखं त्यांनी अंगठ्याने पूर्ण पुस्तक फिरवलं आणि मिटलं.

"हे तुम्ही मुद्दाम दिलंत?"

"नाही. आईने दिलं. तिला माहीत नव्हतं आत काय आहे."

"तुम्हाला?"

"हो."

"केव्हापासून?"

"कॉलेजात होते तेव्हापासून. मनमाडला रद्दीत मिळालं."

"धाकट्या भावाने रेल्वेचं क्वार्टर सोडताना रद्दीत दिलं असेल," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आणि इतकी वर्षं गप्प राहिलात."

ही शाबासकी होती की ठपका, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी खाली बघून "हो" म्हणाले.

काकू चहा घेऊन आल्या. "कसलं पुस्तक आहे?"

"माझंच. बाबांना दिलेलं."

"अगं बाई! मामंजींचं? बघू." त्यांनी पुस्तक घेतलं, उघडायला गेल्या, आणि थांबल्या. त्यांना कळायला माझ्याएवढाही वेळ लागला नाही. त्यांनी ते कवींच्या हातात परत दिलं आणि कपबश्या नीट करू लागल्या.

कवींनी चष्मा लावला. पुस्तक आडवं धरलं, खालच्या बाजूने बोट घालून पान फुगवलं, आणि मान वाकडी करून आत डोकावले. "ही दिसते," ते म्हणाले. पुढे. "ही तर उघडीच आहे, बाहेरच्या अंगाला. ही आत आहे, पण वाकलं तर वाचता येते." पुढे. "निम्म्या तर वाचता येतात. निम्म्याहून जास्तच."

"मामंजी कसले वाकून वाचतायत," काकू हळूच म्हणाल्या. "चष्मा तरी होता का त्यांना?"

"होता. ड्युटीवरचा."

"तो गॉगल हो. वेल्डिंगचा."

"तू कधी आलीस घरात? तुला काय माहीत आधी काय होतं?"

"नाही माहीत," काकू म्हणाल्या. "सासूबाई म्हणाल्या होत्या ना वाचायचे म्हणून? मग वाचत असतील. चहा घ्या."

मी चहा घेतला. मला उठून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. माझ्यासमोर एक म्हातारा माणूस बशीत चहा निववत ठेवून स्वतःच्याच पुस्तकात फटीतून डोकावत होता, आणि त्यांचे ओठ हलत होते. वडील काय काय वाचू शकले असते, ते बहुतेक तपासत होते. ते दुखावले होते, की शोधात रमले होते? दोन्ही एकाच चेहऱ्यावर होतं. मला एकेक भाव वेगळा करून बघायची सवय, इथे ती चालेना.

मग त्यांनी काकूंकडे पट्टी मागितली. काकूंनी शिवणाच्या डब्यातून लाकडी फूटपट्टी आणून दिली. त्यांनी ती पहिल्या घडीत सरकवली आणि ओढली. हात जड पडला, कागद वेडावाकडा फाटला.

"इकडून धर गं," ते मला म्हणाले. पहिल्यांदाच अरेतुरेत. "ताणून धर."

मी पान ताणून धरलं. ते कापत गेले. माझ्या इंग्रजी पुस्तकाच्या हिशोबाने ती प्रत तिथेच खलास होत होती, आणि मी त्यात मदत करत होते. कागदाचा बारीक भुगा माझ्या ओढणीवर पडत होता. मध्येच एका कवितेपाशी ते थांबले, वाचली, आणि म्हणाले, "वाईट आहे." पुढचं पान कापलं. शेवटच्या घडीपर्यंत सगळी कापून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, कडेवरून तळहात फिरवला आणि ते आपल्या खुर्चीशेजारच्या टेबलावर, औषधांच्या डब्याजवळ ठेवलं. मला परत देण्याचा प्रश्नच आला नाही. मी आणलेलं नवं पुस्तकही मी तसंच परत घेऊन आले, ते द्यायचं राहूनच गेलं.

निघताना काकूंनी कुंकू लावलं आणि हातावर ब्लाउजपीस ठेवलं. दाराबाहेर येऊन त्या चप्पल घालणाऱ्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. रात्री मी त्यांना सांगेन, दुसरी प्रत असेल म्हणून."

"असेल का?" मी विचारलं.

"मला काय माहीत बाई," त्या म्हणाल्या.

त्यानंतर काही महिने कवींच्या कार्यक्रमांना मी गेले नाही. कोणी म्हणायचं त्यांची तब्येत बरी नाही, कोणी म्हणायचं हल्ली ते लवकर आवरतं घेतात. आवरतं घेतात म्हणजे वडिलांची गोष्ट सांगत नाहीत का, हे मला विचारायचं असायचं. कोणाला विचारणार? शेल्फवरच्या प्रती मी काढून बघायचे. अमुकला सप्रेम, तमुकला शुभाशीर्वाद. यांतल्या किती जणांनी एक तरी पान वाचलं असेल? आणि मी? हा प्रश्न आला की मी पुस्तक परत ठेवायचे.

हिवाळ्यात वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला ते आले. आईने ओढूनच नेलं, कारण तिला एकदा प्रत्यक्ष माफी मागायची होती, ज्याचं त्यालाच दिल्याबद्दल. आम्ही भिंतीला लागून बसलो. ते कवितांवर बोलले, नदीच्या पाण्यावर बोलले, आणि नमस्कार करून थांबणार तेवढ्यात मागून एक गृहस्थ ओरडले, "सर, वडिलांचं राहिलं!"

लोक हसले. ते हसले नाहीत. त्यांनी पेल्यावरचं झाकण काढलं, पाणी न पिता परत ठेवलं. मला वाटलं आता ते नको म्हणतील. मी आईचा हात धरला, आणि तिने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं, कारण मी तसं कधी करत नाही.

त्यांनी गोष्ट सुरू केली. फिटर, तोडून बोलणं, पोटाला काय करतो, पायाशी ठेवलेलं पुस्तक, परतीची गाडी. मग आई, दिवस झाल्यावर जवळ बसवून सांगणारी. "रोज रात्री वाचायचे रे." इथे ते नेहमी संपवायचे. त्या दिवशी संपवलं नाही.

"त्या काळी पुस्तकांची पानं जोडलेली यायची," ते म्हणाले. "कापून वाचावी लागायची. बाबा फूटपट्टी घेऊन बसायचे. हात कामाचा, जड. कागद वेडावाकडा फाटायचा. एका रात्री एकच पान कापायचे आणि तेवढंच वाचायचे. पुढचं उद्यासाठी ठेवायचे. ते पुस्तक आता माझ्याकडे आलं आहे. सगळी पानं कापलेली आहेत. शेवटपर्यंत."

सभागृहात नाक ओढण्याचाही आवाज आला नाही. मग टाळ्या आल्या, उशिराने. आई पदराने डोळे टिपत होती. "हे मागच्या वेळी नव्हतं सांगितलं त्यांनी," ती म्हणाली.

"नाही."

"आठवलं असेल."

मला हसू येत होतं. ते खोटं बोलले होते, माझ्यासमोर, मी ओढणीवर भुगा झेलून धरलेलं पान वडिलांच्या हाती देऊन. पण ते खोटं होतं का, हेही मला नीट सांगता येत नव्हतं. पानं कापलेली होती, हे खरं. हात जड होता, कागद वाकडा फाटला होता, एकाने ते वाचलं होतं, हेही खरं. फक्त माणूस बदलला होता. की कदाचित त्यांना त्या सकाळी खरंच कळलं होतं वडील कसे बसले असतील ते, आणि मला कळत नव्हतं, नेहमीसारखंच?

आई मला घेऊन पुढे गेली. भोवती सहीसाठी गर्दी. आईने हात जोडून आपली माफी मागितली, वर्धापनदिन, चुकून, ज्याचं त्यालाच, चिठ्ठीच नव्हती. ते ऐकून मान डोलावत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पुस्तक नव्हतं, त्यामुळे कुठली कविता आवडते असं त्यांनी विचारलं नाही. ते थोडे पुढे झुकले.

"बरोबर सांगितलं ना?"

गर्दी रेटत होती. त्यांच्या हातात दुसऱ्या कोणाचं पेन होतं. ते थांबले होते, उत्तरासाठी, आणि त्यांच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती.

"हो सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाचं पुस्तक घेतलं.

बाहेर रिक्षात आईने विचारलं, "तुला काय विचारत होते?"

"काही नाही, गोष्ट कशी वाटली ते."

"मग काय सांगितलंस?"

"बरोबर आहे म्हणाले."

"बरोबर आहे काय? छान आहे म्हणायचं असतं," आई म्हणाली, आणि रिक्षावाल्याला वळण दाखवू लागली.